टीव्हीचा आवाज दुसऱ्या खोलीत तुटतो, मागे पडतो, स्पीकर गायब होतात: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

टीव्हीचा आवाज वाय-फायने घरातल्या इतर खोल्यांतल्या वायरलेस स्पीकरवरही वाजवायचा, याला मल्टी-रूम म्हणतात. तो बिघडला की काय करायचं, ते इथे. आधी लक्षणं. आपलं दुखणं यातलं नेमकं कोणतं, हे ठरवल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नका. वरवर सगळी सारखीच वाटतात, पण औषधं वेगळी आहेत.

पहिलं: आवाज तुटतो. टीव्हीवर चित्र सुरळीत चालू असतं, पण आतल्या खोलीतला स्पीकर मध्येच अर्धा सेकंद गप्प होतो, पुन्हा बोलतो. कधी एकच स्पीकर, कधी सगळे एकदम.

दुसरं: आवाज सलग येतो, पण मागे पडतो. पात्राचे ओठ मिटतात आणि मग वाक्य संपतं. किंवा टीव्हीचा स्वतःचा आवाज आणि आतला आवाज यांत फरक पडून दारात उभं राहिलं की विहिरीत बोलल्यासारखं ऐकू येतं.

तिसरं: स्पीकर यादीतून गायब. रात्री स्पीकरचा ग्रुप लावून झोपलात, सकाळी टीव्ही म्हणतो की एकही स्पीकर सापडला नाही. किंवा चालू असताना ठरावीक मिनिटांनी एकेक गळतो.

चौथं: सगळं जोडलेलं दिसतं, स्पीकरचा दिवा लागलेला असतो, पण आवाज शून्य. बहुतेक वेळा एका ॲपचा आवाज येतो आणि दुसऱ्याचा नाही.

माझ्या घरी, नातेवाइकांकडे, मित्रांकडे मिळून हा प्रकार मी इतक्यांदा निस्तरलाय की आता फोनवर दोन प्रश्न विचारले तरी अंदाज येतो. आणि प्रत्येक वेळी समोरून एक वाक्य हमखास येतं: "पण गाणी तर सगळ्या खोल्यांत मस्त वाजतात, म्हणजे वाय-फाय ठीकच आहे ना?"

नाही. गाण्याला थांबता येतं, चित्राला थांबता येत नाही. गाणं लावलं की प्रत्येक स्पीकर आधी थोडा आवाज स्वतःजवळ साठवून घेतो आणि मग सगळे मिळून एका ठोक्यावर वाजवायला लागतात. गाणं एक सेकंद उशिरा सुरू झालं, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. या साठ्यामुळे वाय-फायने मध्ये थोडी दांडी मारली तरी चालून जातं. टीव्हीचं तसं नाही. पडद्यावर ओठ हलायला लागलेत, आवाज आत्ताच हवा. टीव्ही चित्र थोडं रोखून धरू शकतो, पण थोडंच. म्हणजे साठा लहान, आणि साठा लहान म्हणजे चूक झाकायला जागा नाही. ज्या वाय-फायवर दिवसभर गाणी वाजतात, तेच टीव्हीच्या आवाजाला पाच मिनिटांत उघडं पडतं.

दुसरा गैरसमज वेगाचा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल असा साधा न दाबलेला आवाज सेकंदाला सुमारे दीड मेगाबिट घेतो. एवढं कुठल्याही वाय-फायला झेपतं. त्यामुळे स्पीड टेस्ट करून फोटो पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. प्रश्न किती जातं हा नसून वेळेवर जातं का हा आहे. इंटरनेटचा प्लॅन वाढवून आवाज तुटायचा थांबलेला मी एकदाही पाहिला नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

टीव्ही आवाज पाठवतो, की नुसता घेतो?

हे फुकटात तपासून होतं आणि बऱ्याच जणांचं प्रकरण इथेच मिटतं. खोक्यावर एअरप्ले २ किंवा कास्टचं चिन्ह आहे म्हणजे फोनवरचं टीव्हीवर घेता येतं. टीव्हीचा स्वतःचा आवाज इतर खोल्यांना पाठवता येईलच असं त्यावरून ठरत नाही. डीटीएस प्ले-फाय ही वाय-फायने आवाज वाटण्याची सोय अंगभूत असलेल्या काही टीव्हींमध्ये टीव्ही स्वतः पाठवणारा होतो. काही घरांत टीव्ही काहीच पाठवत नसतो. तो आवाज एचडीएमआयने साउंडबारला देतो आणि साउंडबार पुढे वाटतो. मूळ विसा (WiSA) ही वायरलेस स्पीकरची पद्धत म्हणजे तर वेगळंच प्रकरण. त्यात ५ गिगाहर्ट्झवर स्वतःचा रेडिओ असतो, राउटर मध्ये येतच नाही, आणि ते एका खोलीतल्या होम थिएटरसाठी बनवलेलं आहे. तुमच्याकडे ते असेल तर खालचं राउटरचं सगळं सोडून द्या. ब्लूटूथने दोन स्पीकर जोडले असतील तर त्याला मल्टी-रूम म्हणत नाहीत, आणि ते टीव्हीपासून दूरच्या खोलीत तुटणारच.

पाठवणारा कोण हे कळलं की पुढची प्रत्येक तपासणी त्या यंत्रावर करायची. साउंडबार वाटप करत असताना टीव्हीची वाय-फाय सेटिंग उकरत बसलेले लोक मी पाहिलेत. त्यांत मीही होतो.

बंद-चालू, पण क्रमाने

रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद नसतो, तो डुलकी घेत असतो. प्लग काढा. सगळ्या स्पीकरचे, टीव्हीचा, राउटरचा. एक मिनिट थांबा. मग आधी फक्त राउटर लावा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं कशालाच हात लावू नका. मग स्पीकर. मग टीव्ही. फोनवरचं ॲप सर्वांत शेवटी.

क्रम महत्त्वाचा अशासाठी की उठल्या उठल्या टीव्ही स्पीकर शोधतो. तेव्हा ते जागे नसतील तर काही टीव्ही जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतात. सगळं एकदम एका बटणाने चालू केलं की हाच घोळ होतो.

यानंतर दोन-चार दिवस ठीक चाललं आणि पुन्हा बिघडलं, तर बंद-चालू हे औषध नाही, नुसती वेदनाशामक गोळी आहे. पुढे चला.

सगळे एकाच नेटवर्कवर आहेत का

तिसऱ्या लक्षणाचं सर्वांत मोठं कारण हेच. टीव्हीच्या नेटवर्क माहितीत जा आणि आयपी पत्ता बघा. मग ॲपमध्ये स्पीकरचा बघा. घरातल्या राउटरवर बहुधा पहिले तीन आकडे जुळायला हवेत. टीव्ही १९२.१६८.१.२० आणि स्पीकर १९२.१६८.०.३५ असेल तर ते शेजारी ठेवले तरी एकमेकांना दिसणार नाहीत. इंटरनेट कंपनीच्या मोडेमचं वाय-फाय चालू आणि तुम्ही आणलेल्या राउटरचंही चालू, असं असलं की हे घडतं. मोडेमचं वाय-फाय बंद करा, त्याला ब्रिज मोडवर टाका (म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसता मोडेम राहतो), किंवा सगळी यंत्रं एकाच वाय-फायवर आणा.

गेस्ट नेटवर्कवर स्पीकर जोडला असेल तर तिथून काढा. गेस्ट नेटवर्कचं कामच एकाला दुसरा दिसू न देणं हे आहे. राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाचं बटण असेल तर तेही बंद हवं.

फक्त फोनच्या ॲपमध्ये स्पीकर दिसत नाहीत, टीव्हीत मात्र दिसतात? मग दोष फोनचा. व्हीपीएन बंद करा. आयफोनवर आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी वेगळी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'नको' दाबलेलं असतं.

टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंग

चौथ्या लक्षणासाठी हे एकच करून पाहा: डिजिटल आवाजाचं आउटपुट 'ऑटो' किंवा 'पासथ्रू'वरून 'पीसीएम'वर, म्हणजे साध्या न दाबलेल्या आवाजावर आणा. एका ॲपमधून साधा स्टिरिओ येतो आणि दुसऱ्यातून डॉल्बी. टीव्हीने डॉल्बी न उलगडता तसाच पुढे ढकलला, तर साधा वायरलेस स्पीकर त्याचं काय करणार? तो गप्प बसतो. पीसीएमवर आणल्यावर उलगडण्याचं काम टीव्हीच करतो.

आता मागे पडणारा आवाज. इथे थोडा वेळ घालवूया, कारण लोक या एका स्लायडरने स्वतःचं जास्तीत जास्त नुकसान करून घेतात.

'ऑडिओ डिले' किंवा 'एव्ही सिंक' नावाचा जो स्लायडर असतो, तो बहुतेक टीव्हींमध्ये आवाज फक्त उशिरा करू शकतो, लवकर करू शकत नाही. जो आवाज अजून आलेलाच नाही, तो आधी कसा वाजवणार? तुमचा आवाज आधीच मागे असेल तर स्लायडर शून्यावर हवा. तो ५० वरून १०० वर नेला की आणखी बिघडतं, आणि मग लोक टीव्हीला शिव्या देतात. स्लायडर खरा उपयोगी पडतो तो टीव्हीचे स्वतःचे स्पीकर पुढे पळत असतील तेव्हा. त्यांना थोडं थांबवून आतल्या स्पीकरशी जुळवायचं.

अंदाजाने फिरवू नका, मोजा. कोणीतरी टाळी वाजवतंय असा व्हिडिओ टीव्हीवर लावा आणि फोनने सेकंदाला ६० फ्रेमवर चित्रीकरण करा. मग एखाद्या साध्या एडिटिंग ॲपमध्ये ते उघडा. हात एकमेकांना टेकतात ती फ्रेम शोधा, आणि खाली आवाजाच्या आलेखात टाळीचं टोक कुठे आहे ते बघा. एक फ्रेम म्हणजे जवळपास १७ मिलीसेकंद. मधल्या फ्रेम मोजल्या की उशीर कळला. आतल्या खोलीचा स्पीकर तपासायचा असेल तर चित्र लागतच नाही. दारात, दोन्हींपासून सारख्या अंतरावर उभं राहून नुसता आवाज रेकॉर्ड करा. आलेखात प्रत्येक टाळीची दोन टोकं दिसतील. त्यांच्यातलं अंतर हाच तुमचा फरक.

किती फरक चालतो? आयटीयू, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलीसेकंद पुढे गेला की लोकांना कळायला लागतं, मागे पडला तर सुमारे १२५ पर्यंत कळत नाही. हे साहजिकच आहे. दूरचा माणूस कुऱ्हाड मारतो तेव्हा घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. कान-डोळ्यांना त्याची सवय असते, उलट्याची नसते. दोन खोल्यांतल्या आवाजांचं गणित मात्र कडक आहे. साधारण ३०-४० मिलीसेकंदांच्या पुढे फरक गेला की कान एकाऐवजी दोन आवाज ऐकू लागतो. त्यातही आवाज हवेतून मिलीसेकंदाला सुमारे ३४ सेंटीमीटरच जातो. स्पीकर तुमच्यापासून दहा मीटर लांब असेल तर २९ मिलीसेकंद नुसत्या अंतराने गेले. तेवढा घुमारा कुठलीच सेटिंग काढणार नाही. एका जागी उभं राहून जुळवलं की दुसऱ्या जागी बिघडणार, हे आधीच मान्य करा.

आवाज फक्त गेम खेळताना मागे पडत असेल तर तो बिघाड नाही. गेम मोडमध्ये टीव्ही चित्र एक क्षणही रोखत नाही, त्यामुळे वायरलेस आवाजाला गाठायला वेळच मिळत नाही. खेळताना टीव्हीचेच स्पीकर वापरा, नाहीतर तारेचा साउंडबार.

जागा

राउटर टीव्हीच्या मागे लपवलेला असतो, दिसायला छान म्हणून. टीव्हीच्या पाठीला धातूचा मोठा पत्रा असतो. राउटर तिथून काढून निदान हातभर बाजूला, उघड्यावर ठेवा. खर्च शून्य, आणि तुटणाऱ्या आवाजाच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

टीव्हीला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली आहे का? माझ्या घरच्या टीव्हीने मला तीन संध्याकाळी छळलं. दोनदा फॅक्टरी रीसेट केला, स्पीकर पुन्हा पुन्हा जोडले. आवाज तुटायचा तो तुटतच होता. शेवटी साफसफाईसाठी डिस्क काढून ठेवली आणि त्या रात्री एकदाही तुटला नाही. यूएसबी ३ ची डिस्क आणि तिची केबल वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, हे जुनं, माहीत असलेलं दुखणं आहे, आणि टीव्हीचा वाय-फाय अँटेना त्याच पाठीवर कुठेतरी असतो. डिस्क काढून एक तास बघा. फरक पडला तर लांब, चांगल्या आवरणाच्या केबलने ती टीव्हीपासून दूर ठेवा.

टीव्हीला तार लावा

मला एकच उपाय सांगायची मुभा असती तर मी हा सांगितला असता. कारण पाहा. तुम्ही ऑनलाइन सिनेमा लावला आहे. राउटरकडून टीव्हीला चित्र-आवाज, ही हवेतली पहिली फेरी. टीव्हीकडून राउटरला फक्त आवाज, ही दुसरी. राउटरकडून स्वयंपाकघरातल्या स्पीकरला तिसरी, बेडरूमच्या स्पीकरला चौथी. हे सगळं एकाच चॅनेलवर, जिथे एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बाकीचे थांबतात. टीव्हीला इथरनेटची तार लावली की पहिल्या दोन फेऱ्या हवेतून उठल्या. टीव्हीचं इथरनेट १०० मेगाबिटचंच असतं म्हणून नाक मुरडू नका. आवाजाला दीड लागतो.

तार नेणं अवघड असेल तर निदान चाचणीपुरती लांब केबल जमिनीवरून टाका आणि एक संध्याकाळ पाहा. थांबलं तर भिंतीतून तार नेण्याचा खर्च करण्यात अर्थ आहे. नाही थांबलं तर तो खर्च वाचला. काही टीव्हींत तार लावल्यावर स्पीकरचा ग्रुप पुन्हा बांधावा लागतो, तेवढं करा.

चॅनेल

टीव्ही आणि स्पीकर ५ गिगाहर्ट्झवर असावेत. दोन भिंतींपलीकडचा स्पीकर २.४ वर ठेवावा लागला तर राउटरला 'ऑटो' न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत कमी गर्दीचा चॅनेल द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ.

सगळे स्पीकर एकदम मिनिटभर गायब होतात आणि आपोआप परत येतात, आठवड्यातून दोन-तीनदा? ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल बघा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावाच लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर बसण्याआधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. ३६ ते ४८ यांतला चॅनेल कायमचा ठरवून द्या.

चार मिनिटं वीस सेकंद

मेहुण्याच्या घरचं प्रकरण. स्पीकर जोडला की छान चालायचा, आणि मग यादीतून जायचा. "कधीही जातो" असं तो म्हणत होता. मी म्हटलं, कधीही नको, घड्याळ लाव. पाच वेळा मोजलं. पाचही वेळा चार मिनिटांच्या थोडं पुढे.

असं नेमकं घड्याळ दिसलं की संशय नेटवर्क स्विचवर, म्हणजे राउटरच्या एका तारेवर अनेक यंत्रं जोडणाऱ्या डब्यावर. यंत्रं एकमेकांना शोधण्यासाठी सगळ्यांना मिळून हाका मारतात. त्यांतल्या एका पद्धतीचा पत्ता २३९.२५५.२५५.२५० असा असतो. जरा वरच्या दर्जाच्या स्विचमध्ये 'आयजीएमपी स्नूपिंग' नावाची सोय असते. या हाका ज्याला हव्यात त्याच्याच तारेवर तो सोडतो. हव्यात की नाही हे विचारणारा मात्र कोणीतरी लागतो, त्याला 'क्वेरिअर' म्हणतात. तो प्रमाण सेटिंगनुसार दर १२५ सेकंदांनी विचारतो. घरात क्वेरिअरच नसेल तर दोन वेळा विचारायचा काळ आणि वर १० सेकंद, म्हणजे २६० सेकंदांनी स्विच समजतो की आता कोणाला काही नको, आणि दार बंद करतो. चार मिनिटं वीस सेकंद. टीव्ही निर्दोष, स्पीकर निर्दोष.

उपाय दोनच: राउटरमध्ये किंवा स्विचमध्ये क्वेरिअर चालू करा, नाहीतर स्नूपिंग बंद करा. घरच्या सात-आठ यंत्रांसाठी बंद केलं तरी काही बिघडत नाही. मेहुण्याने स्विच कोपऱ्यात लावून तीन वर्षं झाली होती, घरात तो आहे हेच तो विसरला होता.

उरलेलं

राउटरमध्ये टीव्हीचे आणि प्रत्येक स्पीकरचे आयपी पत्ते राखून ठेवा. सकाळी स्पीकर न सापडण्यावर हे अनेकदा पुरतं. टीव्हीचा ऊर्जाबचत मोड सैल करून बघा. मेश वाय-फाय (अनेक डब्यांनी घरभर पसरवलेलं) असेल तर मधला डबा तारेने जोडा.

सॉफ्टवेअर अपडेट टीव्ही, स्पीकर, राउटर तिघांचंही करा, आणि चालू असताना प्लग काढू नका. फॅक्टरी रीसेट सर्वांत शेवटी. तो आधी केला तर पुरावा पुसला जातो आणि दुखणं तसंच राहतं.

इथे थांबा

एक शेवटची चाचणी. दुसरा कुठला तरी जुना राउटर टीव्हीपासून दोन मीटरवर लावा. त्यावर फक्त टीव्ही आणि एकच स्पीकर जोडा, आणि साध्या पेनड्राइव्हवरून व्हिडिओ चालवा. इथे नीट चाललं तर दोष घरच्या नेटवर्कमध्ये आहे. वरचं सगळं करूनही सापडत नसेल तर नेटवर्कचं काम करणाऱ्याला बोलवा. भिंतीतली तार, मेशची मांडणी ही त्याची कामं. इथेही तुटलं तर स्पीकर बदलून पाहा. दुसऱ्या स्पीकरवरही तुटत असेल तर टीव्हीतलं वाय-फाय मॉड्यूल किंवा अँटेनाची तार गेलेली असण्याची शक्यता मोठी. कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र गाठा.

टीव्ही स्वतः उघडू नका. आतल्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ४०० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ शिल्लक असू शकतो, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. स्पीकरचा ॲडॉप्टर चटका बसण्याइतका तापत असेल किंवा जळका वास येत असेल, तर वरची एकही तपासणी न करता प्लग काढा.

तंत्रज्ञ येण्याआधी कागदावर लिहून ठेवा: चारपैकी कोणतं लक्षण, किती मिनिटांनी, तार लावल्यावर काय झालं, जुन्या राउटरवर काय झालं. नाहीतर तोही येऊन आधी फॅक्टरी रीसेटच करेल.